अँपियरचा उदो उदो

"प्लाझ्मा टेबल घ्यायचा विचार चाललाय. किती अँपियरचं घेऊ?"

अक्कलकोट रोड एमआयडीसी असो, चिंचोळी असो की होटगी रोड, फॅब्रिकेशनवाल्याकडे चहाला बसलं की हा प्रश्न येतोच. माझं उत्तर ठरलेलं आहे आणि ते कुणालाच आवडत नाही. अँपियर सगळ्यात शेवटी विचारा. आधी सांगा, तुमचा कंप्रेसर कुठे ठेवणार आहात? टेबलापुढे उभं कोण राहणार आहे?

यावर लोक माझ्याकडे असं बघतात, जणू लग्नाच्या बोलणीत मी मुलगी सोडून मांडववाल्याची चौकशी करतोय. पण माझं म्हणणं तेच आहे. गावात आज जी टेबलं धूळ खात पडली आहेत, त्यातलं एकही अँपियर कमी पडला म्हणून पडलेलं मी पाहिलेलं नाही. ती पडली आहेत ती हवेमुळे, अर्थिंगमुळे आणि माणसामुळे. आणि या तीन गोष्टींचं कोटेशन कुणी मागतच नाही.

घरच्या मंडळींसाठी आधी थोडक्यात सांगतो, नाहीतर मावशीचा फोन येईल की हे रक्ताच्या प्लाझ्माचं काय चाललंय. :-) दाबाखालची हवा एका बारीक भोकातून सोडायची आणि त्याच वाटेने विजेचा आर्क न्यायचा. हवा वीस हजार अंशांच्या घरात तापते आणि वीज वाहून नेणारा प्लाझ्मा होते. तो लोखंड वितळवतो, झोत ते वितळलेलं लोखंड खाली उडवून देतो. १९५० च्या दशकात अमेरिकेत युनियन कार्बाइडमध्ये रॉबर्ट गेज यांनी ही युक्ती शोधली. ही टॉर्च एका गँट्रीवर बसवायची, खाली पट्ट्यांचं टेबल, वर प्लेट, आणि कॉम्प्युटरने आखलेल्या रेघेवरून टॉर्च फिरवायची. झालं सीएनसी प्लाझ्मा कटिंग टेबल. जे काम गॅस कटरवाला खडूने आखून, हात आवरून तासभर करायचा ते काही मिनिटांत होतं.

आता मुद्द्यावर येतो.

माहितीपत्रकातला सगळ्यात मोठा आकडा सगळ्यात निरुपयोगी असतो. ८५ अँपियरच्या एका नावाजलेल्या प्लाझ्माचं उदाहरण घ्या. त्याच्या कागदावर तीन जाड्या लिहिलेल्या असतात. ३८ मिलिमीटर म्हणजे कसंबसं तुटेल. २५ मिलिमीटर म्हणजे बरं कापेल. आणि २० मिलिमीटर म्हणजे प्लेटच्या मधोमध भोसकता येईल. विकणारा ३८ सांगतो. घेणारा २५ लक्षात ठेवतो. पण टेबलावर जवळजवळ प्रत्येक कापाची सुरुवात भोसकण्यानेच होते! हाताने टॉर्च धरली तर कडेवरून आत शिरता येतं. प्लेटच्या मध्ये फ्लँजचं भोक पाडायचं असेल तर कड कुठून आणणार? म्हणजे टेबलासाठी त्या मशीनची खरी जाडी २०. तिसरा आकडा, बारीक अक्षरातला.

आणखी एक बारीक अक्षर. ड्यूटी सायकल ६० टक्के, म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं पूर्ण ताकदीने आर्क. हा आकडा ४० अंश तापमानाला मोजलेला असतो. सोलापूरच्या मे महिन्याला हे कुणी कळवलेलं नाही. इथे ४२-४३ सावलीत असतं. पत्र्याच्या शेडखाली काय असतं ते शेडमध्ये दुपारी दोन वाजता उभं राहून बघा.

यावर कुणी म्हणेल, मेमध्ये काम कमी ठेवू. इथेच सोलापूरचं गणित वेगळं आहे. जिल्ह्यात तीसच्या वर साखर कारखाने. गाळप सुरू होतं ऑक्टोबर-नोव्हेंबरला, संपतं फेब्रुवारी-मार्चच्या आसपास. मग ओव्हरहॉलिंग. उसाच्या कॅरियरच्या पट्ट्या, बगॅस कॅरियर, फ्लँज, गसेट, बेसप्लेटा, सगळं उन्हाळ्यात निघतं. त्यात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि पल्टी नांगर मिळवा, तेही पेरणीच्या आधीच हवे असतात. म्हणजे ज्या महिन्यात मशीन सगळ्यात जास्त तापणार, त्याच महिन्यात ते सगळ्यात जास्त चालवायचं आहे. म्हणून रोज १२ मिलिमीटर कापायचं असेल तर १२ ला जेमतेम पुरणारं मशीन घेऊ नका, त्याच्या वरचं घ्या. अँपियरला एवढाच मान द्यायचा. त्यापुढे त्याचा उदो उदो नको.

आता हवा. या मशीनचं खरं इंधन हवा आहे आणि ती फुकट आहे असा सगळ्यांचा समज आहे. छोटा हिशेब करू. वर सांगितलेल्या आकाराच्या टॉर्चला मिनिटाला साधारण १९० लिटर हवा लागते, म्हणजे आर्कच्या एका तासाला साडेअकरा घनमीटर. पावसाळ्यात २८ अंश तापमान आणि ८० टक्के दमटपणा धरला तर एका घनमीटर हवेत सुमारे २२ ग्रॅम पाणी असतं. गुणाकार करा. तासाला पाव लिटर पाणी! कंप्रेसर हे पाणी हवेबरोबर आत ओढतो. हवा दाबली आणि थंड झाली की ते सुटं होतं. टाकीतून रोज काढलं नाही, मध्ये ड्रायर-फिल्टर बसवला नाही, तर ते पुढे जातं कुठे? टॉर्चमध्ये.

टॉर्चच्या आत तांब्याचा इलेक्ट्रोड, त्याच्या टोकाला हाफनियम धातूचा एक बारीक ठिपका. सगळा आर्क त्या ठिपक्यावर उभा असतो. पाणी आणि तेल तिथे पोचलं की ठिपका झरझर झिजतो, नोझलचं भोक वाकडंतिकडं होतं, काप तिरका येतो. मग मालक ओरडतो, "कंझ्युमेबल लई खातंय बे हे मशीन!" मशीन काही खात नाही, मालक. तुम्ही त्याला पाणी पाजताय.

म्हणून सांगतो. टेबलाचा भाव करण्याआधी कंप्रेसरची जागा ठरवा. भिंतीच्या सावलीच्या बाजूला, ग्राइंडिंगच्या धुळीपासून लांब. त्याच्यापुढे टाकी, मग रेफ्रिजरेटेड ड्रायर, मग तेल धरणारा फिल्टर, आणि टॉर्चच्या अगदी अलीकडे अजून एक फिल्टर. ड्रायर हवेच्या गरजेइतकाच घेऊ नका. आत येणारी हवा जितकी गरम तितकी त्याची ताकद कमी होते, तेव्हा आपल्या उन्हाळ्यासाठी एक माप मोठा घ्या. यात पैसे जातात, मान्य. पण पंचवीस लाखांच्या गाडीत रॉकेल मिसळून पेट्रोल भरणाऱ्याला आपण काय म्हणतो?

यानंतर अर्थिंग. काही प्लाझ्मा हाय फ्रिक्वेन्सीच्या ठिणगीने आर्क पेटवतात. ती ठिणगी म्हणजे शेडमधलं छोटं रेडिओ स्टेशनच. कंट्रोलरच्या तारा तिच्या शेजारून नेल्या की पडदा गोठतो, टॉर्च मध्येच थांबते, नाहीतर भलत्याच दिशेला पळते. मग "चायना कंट्रोलर खराब" अशी बोंब. कंट्रोलर बिचारा बरा असतो. जमलं तर ठिणगीऐवजी संपर्काने पेटणारा प्लाझ्मा घ्या. टेबलाला स्वतःचा वेगळा अर्थ पिट करा, वर्कची क्लॅम्प गंज घासून पक्की लावा, आणि टॉर्चची केबल व सिग्नलच्या तारा वेगवेगळ्या वाटेने न्या. हे काम एका दिवसाचं आहे. पण ते टेबल येण्याआधीच्या दिवसाचं आहे, बंद पडल्यानंतरच्या महिन्याचं नव्हे.

उंचीचं म्हणाल तर "आमच्याकडे टीएचसी आहे" एवढं सांगणं पुरेसं नाही. टॉर्च आणि प्लेटमधलं अंतर कापताना दीड-दोन मिलिमीटर, भोसकताना त्याच्या दीड-दोन पट. भोसकतानाही खालीच राहिली तर वितळलेलं लोखंड उलटं उडून नोझलवर बसतं. आणि आपली प्लेट काही आरसा नसते. कळंबोलीहून ट्रकमध्ये हेलकावे खात आलेली, उष्णतेने अजून वाकणारी असते. आर्कच्या व्होल्टेजवरून उंची ओळखून टॉर्च वरखाली करणारी यंत्रणा म्हणजे टीएचसी. ती हवीच. पण ती आंधळी असते. कोपऱ्यावर वेग कमी झाला की काप रुंद होतो, व्होल्टेज वाढतं, तिला वाटतं टॉर्च वर गेली, आणि ती टॉर्च खाली घालते. इलेक्ट्रोड झिजला तरी तेच. म्हणून कोपऱ्यावर ती थांबवता येते का आणि व्होल्टेज सहज बदलता येतं का, हे विकणाऱ्यासमोर करून बघा. तो "सगळं ऑटोमॅटिक आहे साहेब" म्हणाला तर उठा आणि दुसरीकडे जा.

टेबल केवढं घ्यायचं? पुतण्याच्या शेडमध्ये बसेल तेवढं नाही. बाजारातून प्लेट येते तेवढं. ६३०० बाय १५०० ची प्लेट सर्रास मिळते. १० मिलिमीटरची असेल तर वजन ७४२ किलो. टेबल अर्ध्या लांबीचं घेतलं तर प्रत्येक प्लेट आधी गॅसने अर्धी करा, मग उचला, मग परत जुळवा. यातून नेस्टिंगचाही बोऱ्या वाजतो. नेस्टिंग म्हणजे एका प्लेटमध्ये जास्तीत जास्त तुकडे कोंबण्याची कला, चोळीच्या खणात कापड बसवतात तशी. या टेबलाची खरी कमाई वेगात नाही, इथे आहे. हिशेबापुरता प्लेटचा भाव किलोला साठ आणि भंगाराचा तीस धरा. चांगल्या नेस्टिंगने आठ टक्के माल वाचला तर एका प्लेटमागे साठेक किलो, म्हणजे सतराशे-अठराशे रुपये. आठवड्याला पाच प्लेटा कापणाऱ्याचे नऊ हजारांच्या आसपास. बँकेचा हप्ता इथून निघतो, अँपियरमधून नाही!

बसवताना एकच हट्ट धरा. पट्ट्यांचं टेबल वेगळं आणि गँट्रीचे रेल वेगळ्या पायांवर. हायड्राने सातशे किलोची प्लेट टेकवली, म्हणजे खरं तर आपटली, की तिचा धक्का रेलला जाता कामा नये. मग एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन कापा आणि दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही १४१४ आले पाहिजेत. एक कमी आणि एक जास्त आला तर गँट्री काटकोनात नाही. पैशाचा शेवटचा हप्ता हे कर्ण जुळल्यावर द्यायचा. प्रदर्शनात पितळी गणपती कापून दाखवतात त्यावर नाही.

धुराबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. स्टेनलेस कापताना निघणाऱ्या धुरात क्रोमियमचं असं रूप असतं की ज्याने कॅन्सर होतो. खालून धूर ओढणारं टेबल किंवा पाण्याचं टेबल, दोन्हीपैकी एक हवंच. चार-पाच दिवसांआड नळाचं पाणी पाहिलेल्या या शहरात पाण्याचं टेबल म्हटलं की लोक हसतात. पण ते पाणी रोज ओतायचं नसतं, उडेल तेवढी भर घालायची असते. मात्र पाण्यावर अ‍ॅल्युमिनियम कापत असाल तर सांभाळा. खाली साचलेल्या चुऱ्यातून हायड्रोजन निघतो आणि प्लेटखाली अडकला तर भडका उडतो. ज्या पोराला तुम्ही महिन्याच्या पगारावर तिथे उभं करता, त्याच्या छातीचा हिशेब कोटेशनमध्ये नसतो. तो तुम्हालाच लिहावा लागतो.

आता दोन आक्षेप.

पहिला. "आता फायबर लेझरचा जमाना आहे, प्लाझ्मा कोण घेतो?" पातळ पत्रा, बारीक भोकं, रोजचा ढीगभर माल, तर लेझरच घ्या, नाहीतर लेझरवाल्याकडून कापून आणा. प्लाझ्माचा काप एक ते तीन अंश तिरका येतो, जाडीपेक्षा लहान भोक त्याला नीट जमत नाही, हे मान्यच करायला हवं. पण गंजलेली, खवले धरलेली १२-१६ ची प्लेट, गाळप चालू असताना बंद पडलेला कॅरियर आणि रात्री अकराला आलेला फोन, हे काम आजही प्लाझ्माचं आहे. आणि पंचवीस-तीसच्या वर साध्या पोलादासाठी गॅस कटिंग अजून मेलेलं नाही. तेव्हा "कोणतं मशीन भारी" हा प्रश्न पोरकट आहे. तुमच्या गेल्या वर्षभराच्या बिलांमध्ये कोणती जाडी किती टन आहे, हा प्रश्न मोठ्या माणसांचा. आणि दिवसाला तासभरही आर्क लागत नसेल, तर टेबल घेऊच नका, कापून आणा. त्यात कमीपणा नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त झोंबतो. "मशीन आलं की मार्किंगवाला मिस्त्री कमी करता येतो. पेन ड्राइव्ह लावायला दहावी पास पोरगं पुरे."

हे ज्यांनी केलं त्यांची टेबलं सगळ्यात आधी बंद पडली. कारण कॉम्प्युटर रेघ सांगतो, पत्र्याचा स्वभाव सांगत नाही. लांब पट्टी कापली की उष्णतेने ती केळ्यासारखी वाकते, म्हणून मध्ये जोड ठेवत कापायची, हे मिस्त्रीला माहीत असतं. प्लाझ्माच्या झोताला पीळ असतो, त्यामुळे टॉर्च पुढे जाताना उजवी कड सरळ येते आणि डावी तिरकी. म्हणून बाहेरची कड घड्याळाच्या काट्यांप्रमाणे आणि आतलं भोक उलट्या दिशेने कापायचं. हे एकदा सांगितलं की मिस्त्री जन्मभर विसरत नाही, कारण कड बघायची सवय त्याच्या डोळ्यांना आहे. खाली चिकटलेला मळ जाड आणि ठिसूळ असेल तर वेग कमी पडला, बारीक आणि चिवट असेल तर जास्त झाला, हेही तो दोन दिवसांत आवाजावरून ओळखायला लागतो. हवेच्या प्लाझ्माने कापलेल्या कडेत नायट्रोजन शिरतो. ती न घासता वेल्डिंग केलं तर जोडात छिद्रं पडतात आणि आटे पाडायला गेलं तर टॅप मोडतो. कारखान्याच्या प्लॅटफॉर्मखाली लावलेल्या गसेटचा जोड कुणाच्या जिवावर उठू शकतो, हे पेन ड्राइव्हला कळत नाही. मिस्त्रीला कळतं.

"पण आपल्या लोकांना कॉम्प्युटर जमणार नाही." हे वाक्य सोलापुरात उच्चारायला लाज वाटायला हवी. १८७७ साली जुनी गिरणी सुरू झाली ते हे गाव. आपली चादर कशावर विणतात? जकार्डवर. जकार्ड म्हणजे काय? भोकं पाडलेल्या पत्त्यांची माळ. भोक असेल तिथे हुक वर जातो आणि धागा उचलतो, नसेल तिथे धागा खाली राहतो. फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमाराची ही युक्ती. अमेरिकेत एमआयटीने १९५२ मध्ये पहिलं आकड्यांवर चालणारं मिलिंग मशीन दाखवलं, तेही भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवरच चालत होतं. म्हणजे सीएनसीचा आजा-पणजा आपल्या पूर्व भागात घराघरांत खडखडत होता. आलेख कागदावर मोर काढून, त्याचे पत्ते पाडून, तो चादरीत उतरवणारी माणसं या गावाने पिढ्यानपिढ्या पोसली. आता इलेक्ट्रॉनिक जकार्डही त्यांनीच शिकून घेतली. त्यांच्या नातवंडांना डीएक्सएफ फाइल जमणार नाही असं म्हणणाऱ्याला एक तर गाव माहीत नाही, नाहीतर पगार वाढवायचा नाही.

बहुतेक वेळा दुसरंच खरं असतं.

माझं म्हणणं इतकंच. ज्याने वीस वर्षं खडू आणि पंच घेऊन प्लेटवर मार्किंग केलं, त्याला टेबलापुढे उभं करा. शेजारी आयटीआयचं पोरगं द्या. पोरगं मिस्त्रीला माउस शिकवेल, मिस्त्री पोराला पत्रा शिकवेल. महिनाभर दोघांची भांडणं होतील, होऊ द्या. पगार दोघांचाही वाढवा. कंप्रेसर, ड्रायर, अर्थिंग आणि हे दोन पगार लिहून झाले, की त्याच्याखाली जी रक्कम उरते त्यात जेवढ्या अँपियरचं मशीन येतं तेवढं घ्या. कमी अँपियरचं आलं तरी ते दहा वर्षं चालेल.

उलट्या क्रमाने खरेदी करणाऱ्यांची टेबलं कुठे दिसतात ते सांगायला नको. त्यांच्यावर सध्या वेल्डिंग रॉडची खोकी ठेवलेली असतात.

कुणाचा अनुभव वेगळा असेल तर जरूर सांगा. फक्त वाद घालायला येण्याआधी कंप्रेसरच्या टाकीचा खालचा कॉक उघडून किती पाणी निघालं ते मोजून या.